सवयीचा विजय : स्वीडनच्या फुटबॉलमधलं १९८२ साल

'सवय' हा शब्द आपण मराठीत जरा तुच्छतेनंच वापरतो. वाईट सवय, जुनी सवय, सवयीनं केलेलं काम. प्रतिभा मोठी आणि सवय छोटी, अशी काहीतरी प्रतवारी आपल्या मनात बसलेली असते. पण त्याच भाषेत आपण रियाज म्हणतो, अंगवळणी पडलं म्हणतो, तेव्हा त्यात आदर असतो. वस्तू एकच, पण दोन तऱ्हांनी बघितलेली. ॲरिस्टॉटल या ग्रीक विचारवंताचं म्हणणं असं की सद्गुण हा पुन्हा पुन्हा करण्यातून घडतो, आणि एका चांगल्या दिवसानं कुणी चांगला ठरत नाही. हा विचार तपासायला आज आपण तत्त्वज्ञानाचा ग्रंथ उघडणार नाही. आपण स्वीडनला जाणार आहोत, १९८२ सालच्या फुटबॉलच्या मैदानावर.

फुटबॉलच का? कारण या खेळात यश मोजायच्या दोन वेगळ्या मापट्ट्या आहेत. एक लीग, म्हणजे साखळी स्पर्धा. सगळे संघ एकमेकांशी खेळतात, गुण साठत जातात, महिनोन् महिने परीक्षा चालते. ही सवयीची मापट्टी. दुसरी कप, म्हणजे बाद फेऱ्यांची स्पर्धा. हरलात की घरी. ही दिवसाची मापट्टी. स्वीडनमध्ये पहिलीला ऑल्सवेन्स्कान म्हणतात, दुसरीला स्वेन्स्का कुपेन. आणि स्वीडनचा हंगाम आपल्या ओळखीच्या इंग्लंड-स्पेनसारखा ऑगस्टला सुरू होत नाही बरं का. तिथं थंडी भयंकर, त्यामुळे लीग वसंतात सुरू होऊन शरदात संपते.

आता संघाकडे येऊ. गोथेनबर्ग हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. तिथला आयएफके हा क्लब १९०४ साली स्थापन झाला. नावातल्या शेवटच्या 'के'चा अर्थ 'कामरातेर्ना', म्हणजे सोबती; आपण 'सवंगडी' म्हणू. या सवंगड्यांनी १९६९ साली लीग जिंकली आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७० साली, ते खालच्या श्रेणीत घसरले. परत वर यायला त्यांना १९७७ साल उजाडलं. त्याच काळात शहराचा कणा असलेला जहाजबांधणीचा धंदा कोसळत होता. एरिक्सबेरी नावाची मोठी गोदी १९७९ साली बंद पडली.

त्याच १९७९ साली क्लबनं प्रशिक्षक नेमला स्वेन-योरान एरिक्सन. वय जेमतेम ३१. खेळाडू म्हणून बेताचा. गुडघ्याच्या दुखापतीनं लवकर थांबलेला. त्याआधी डेगेरफोर्स या छोट्या गावाचा क्लब त्यानं सांभाळलेला. तो घेऊन आला एक पद्धत. ती त्याच्या एकट्याच्या डोक्यातली नव्हती. बॉब हॉटन आणि रॉय हॉजसन या दोन तरुण इंग्रज प्रशिक्षकांनी ती स्वीडनमध्ये रुजवली होती. हॉटन माल्मो क्लबला १९७९ साली थेट युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात घेऊन गेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ते एका गोलनं हरले. हाच हॉटन पुढे २००६ ते २०११ भारताचा प्रशिक्षक होता, आणि त्याच्या कारकिर्दीत आपला संघ २७ वर्षांनी आशियाई कपसाठी पात्र ठरला. म्हणजे आपण बोलतोय ती पद्धत आपल्यालाही अगदीच परकी नाही.

पद्धत काय होती? जुनी रीत अशी की प्रत्येक बचावपटूनं समोरचा एक माणूस धरायचा आणि त्याच्या मागे सावलीसारखं फिरायचं. नवी रीत म्हणाली, माणूस धरू नका, जागा धरा. चौघांची बचावफळी, तिच्यापुढे चौघांची मधली फळी, पुढे दोघं. चेंडू जिकडे सरकेल तिकडे सगळ्यांनी मिळून सरकायचं, दोन खेळाडूंमधलं अंतर वाढू द्यायचं नाही. चेंडू गेला की मागे पळायचं नाही, पुढे होऊन दाबायचं. आपल्या कबड्डीतली साखळी डोळ्यासमोर आणा. चढाई करणारा कोपऱ्यात घुसला की हातात हात धरलेली माणसं एकदम वळतात. त्यात एकाचा हात सुटला की बाकीच्यांची ताकद फुकट. इथं हात धरलेले दिसत नाहीत, एवढाच फरक.

ही गोष्ट शिकवून होत नाही, घोटून होते. खेळ थांबवायचा, जागा दाखवायची, पुन्हा सुरू करायचा. रोज. कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा गेल्यानंतरही.

यावर स्वीडनमध्ये मोठा वाद झाला. टीकाकार म्हणाले, हा खेळ नव्हे, कवायत आहे. यात खेळाडूचा यंत्रमानव होतो. मित्रहो, हा आक्षेप हलका नाही. ज्या गावात गोदीतली यंत्रं बंद पडून माणसं घरी बसली होती, तिथं माणसाला यंत्राचा भाग करू नका असं कुणी म्हणत असेल, तर ते आपण नीट ऐकलं पाहिजे. या आक्षेपाला उत्तर मिळतं का, ते बघू.

आयएफके १९८१ च्या शरदात युएफा कपमध्ये उतरला. युरोपातल्या क्लबांची ही मोठी स्पर्धा. १९८२ उजाडलं तेव्हा क्लबची तिजोरी रिकामी होती. मार्चमध्ये उपांत्यपूर्व फेरीसाठी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला जायचं होतं, तर प्रवासखर्चासाठी स्वतःच्याच समर्थकांच्या संघटनेकडून उसने पैसे घ्यावे लागले. बहुतेक खेळाडू पोटासाठी दुसरं काम करणारे. कुणी प्लंबर, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी स्वयंपाकी. आणि मार्च म्हणजे स्पेनचा हंगाम भरात, तर स्वीडनमध्ये लीग सुरूही झालेली नव्हती. तरी तिथं २-२ अशी बरोबरी झाली आणि घरी २-० असा विजय.

उपांत्य फेरीत जर्मनीचा कायझर्सलाउटर्न. या संघानं आधीच्या फेरीत रेआल माद्रिदला घरच्या मैदानावर ५-० असं हरवलेलं. तिथं १-१ झालं, आणि गोथेनबर्गमध्ये जादा वेळेत स्तीग फ्रेड्रिकसनच्या पेनल्टीवर २-१. अंतिम फेरीत हॅम्बुर्ग. म्हणजे त्या वर्षीचे जर्मन विजेते, आणि पुढच्या वर्षीचे युरोपियन कपचे विजेते. प्रशिक्षक एर्न्स्ट हापेल, मैदानात माग्याट, काल्ट्झ, ह्रुबेश. ५ मे रोजी उल्लेवी मैदानावर तूर्ड होल्मग्रेननं अगदी शेवटच्या मिनिटांत एकुलता एक गोल केला. जर्मनांना वाटलं, एका गोलाचं काय, घरी भरून काढू. १९ मे रोजी हॅम्बुर्गमध्ये निकाल लागला ३-० असा, पण गोथेनबर्गच्या बाजूनं. डान कोर्नेलियुसन, तोरब्यॉर्न निल्सन आणि पुन्हा फ्रेड्रिकसन, तोही पेनल्टीवर. युरोपातली मोठी क्लब स्पर्धा स्वीडिश संघानं जिंकण्याची ही पहिली वेळ.

स्वीडिश कपही त्यांनी जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता वेक्शो गावचा ओस्टेर, म्हणजे १९८० आणि १९८१ चा लीग विजेता. निकाल ३-२.

इथपर्यंत कुणी म्हणेल, एरिक्सन हुशार, निल्सन असामान्य. खरंच आहे. निल्सननं त्या युएफा कपमध्ये ९ गोल केले, स्पर्धेत सर्वांत जास्त. नुसत्या सवयीनं गोल होत नाहीत. शेवटचा पाय कुणाचा तरी असावा लागतो. पण खरी परीक्षा पुढे आहे. त्या उन्हाळ्यात एरिक्सन पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबला गेला. निल्सनही गेला, तोही ज्यांना हरवलं त्याच कायझर्सलाउटर्नला. लीग मात्र अर्धी शिल्लक होती.

आणि त्याच वर्षी लीगचा नियमही बदललेला. १२ संघ, प्रत्येकी २२ सामने, आणि मग पहिल्या आठ संघांत बाद फेऱ्या. विजेता गुणतक्त्यावर नाही, बाद फेरीत ठरणार. म्हणजे सवयीच्या मापट्टीला दिवसाची मापट्टी जोडून टाकली. ही जोडणी किती तिरपी होती ते पुढे दिसलं. १९८५ ते १९८९ अशी सलग पाच वर्षं माल्मो तक्त्यात पहिला आला, पण विजेतेपद त्याला दोनदाच मिळालं, १९८६ आणि १९८८ साली. उरलेल्या तीन वर्षी सर्वांत सातत्यानं खेळलेला संघ हात चोळत बसला. १९९० नंतर ही बाद फेरी गेली, आणि १९९३ पासून पुन्हा तक्ताच निर्णायक झाला.

१९८२ साली मात्र दोन्ही मापट्ट्यांचं उत्तर एकच आलं. गोथेनबर्ग तक्त्यात पहिला. अंतिम फेरीत स्टॉकहोमचा हम्मारबी. पहिला सामना गोथेनबर्ग घरच्या मैदानावर १-२ असा हरला. गुरू नाही, मुख्य गोलंदाज म्हणावा असा निल्सन नाही, आणि परक्या मैदानावर जायचं. तिथं ते ३-१ नं जिंकले. एका वर्षात लीग, कप आणि युरोप. शेवटचा विजय ज्यांच्या नावावर सांगितला जातो त्यांच्याशिवाय मिळवलेला. ॲरिस्टॉटलला हवा असलेला पुरावा हा आहे. व्यक्ती गेल्या, घडण उरली.

आता तो राहिलेला आक्षेप. माणसाचं यंत्र झालं का? याचं उत्तर आम्हाला १९७९ मध्ये सापडतं. एरिक्सनच्या हाताखाली संघ पहिले तिन्ही सामने हरला. तेव्हा त्यानं स्वतःहून पद सोडायची तयारी दाखवली. ते झालं नाही. तो राहिला, संघ सावरला, आणि त्याच वर्षी क्लबनं आपला पहिला स्वीडिश कप जिंकला. आमच्या मते भेद इथं आहे. कवायत वरून लादली जाते. रियाज माणूस पत्करतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून टीकाकारांना ते वेगळे काढता आले नाहीत. गोदीतल्या कामगाराला यंत्र बंद करायचं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. या खेळाडूंसमोर प्रशिक्षकानं निदान आपली खुर्ची तरी पणाला लावली होती.

पण विजयाची किंमतही सांगायला हवी. वर्षभराच्या आत ग्लेन स्त्रोमबेरी, ग्लेन हिसेन, कोर्नेलियुसन असे एकेक जण परदेशी क्लबांकडे गेले. ज्या क्लबनं उसन्या पैशांवर प्रवास केला, त्यानं घडवलेली माणसं बाजारानं उचलली. तरीही याच क्लबनं १९८७ साली, बऱ्याच नव्या माणसांसह, स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडला हरवून तोच युएफा कप पुन्हा जिंकला. त्यानंतर नॉर्डिक देशांतल्या कुठल्याही क्लबला तो जिंकता आलेला नाही. पैशाचं अंतर इतकं वाढलं की घडण उरली तरी ती घडवायला लागणारी वर्षं मिळत नाहीत. माणसं एकत्र राहिली तरच सवय लागते.

एरिक्सन २०२४ साली गेला. त्याच्या नावापुढे लोकांना आठवतो तो इंग्लंडचा पहिला परदेशी प्रशिक्षक. आपण मात्र त्याला १९८२ च्या त्या शरदासाठी लक्षात ठेवू, जेव्हा तो तिथं नव्हता आणि त्याचा संघ जिंकत होता. शिकवणाऱ्या कुणालाही, आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांना तर फारच, याहून मोठं प्रमाणपत्र ठाऊक नाही.

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.