सोलो म्हणजे नेमकं किती एकटं?

आजचा विषय आहे माउंटन बाइकच्या लांब पल्ल्याच्या शर्यती, आणि त्याही सोलो. टीम नाही, रिले नाही. एक माणूस, एक सायकल. ऐकायला अगदी सरळ वाटतं ना? पण "सोलो" म्हणजे नेमकं काय, यावर गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे. आज त्या वादाचीच गोष्ट.

सुरुवात करू १९९२ पासून. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात लेअर्ड नाइट नावाच्या आयोजकाने "२४ अवर्स ऑफ कनेन" ही शर्यत सुरू केली. फॉरमॅट सोपा होता. टीम करायची आणि डोंगरातल्या ठरलेल्या लूपवर आळीपाळीने फेऱ्या मारायच्या. दिवस-रात्र, २४ तास. एक जण चिखलातून सायकल रेटतोय, तोवर बाकीचे तंबूत जेवतायत, झोपा काढतायत.

काही वर्षांनी जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या सायकलपटूला वाटलं, हे सगळे २४ तास आपण एकट्याने का चालवू नये? अडचण एवढीच, की शर्यतीत एकट्यासाठी जागाच नव्हती. मग पठ्ठ्याने चार जणांच्या टीमची एंट्री भरली आणि चारही नावं स्वतःचीच लिहिली, थोडीथोडी फिरवून! मी रोज ऑफिसात फॉर्म आणि त्यांचं व्हॅलिडेशन लिहिणारा माणूस, त्यामुळे मला हा किस्सा भयंकर आवडतो. सिस्टीममध्ये ज्याचा रकानाच नाही, असा माणूस आला आणि त्याच्यासाठी रकाना तयार करावा लागला. पुढे सोलो ही रीतसर कॅटेगरी झाली, तिची वर्ल्ड चॅम्पियनशिपही सुरू झाली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. लूपची शर्यत असली की प्रत्येक फेरीनंतर तुम्ही परत त्याच जागी येता. तिथे खायला देणारं, दिव्याची बॅटरी बदलून देणारं कुणीतरी असू शकतं. फेऱ्या मोजणारे तर असतातच. रस्त्यावरच्या शर्यतीत ही मदत आणखी वाढते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये "रेस अक्रॉस अमेरिका" म्हणजे रॅम सोलो पूर्ण केली, हे तुम्ही ऐकलं असेल. सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांत. अफाटच काम! पण रॅममध्ये सोलो रायडरसोबत क्रूची गाडी लागतेच, तो नियमच आहे. म्हणजे पाय एकट्याचे, पण मागे अख्खी टीम.

स्टॅमस्टॅडने पुढचं पाऊल टाकलं ते १९९९ मध्ये. अमेरिकेत रॉकी पर्वतरांगेतून एक मोठी पाणलोटरेषा जाते, तिला म्हणतात काँटिनेंटल डिव्हाइड. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी जसं एका बाजूला अरबी समुद्राकडे आणि दुसऱ्या बाजूला बंगालच्या उपसागराकडे जातं, तसंच हे. या रेषेच्या आजूबाजूने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांचा एक मार्ग सायकलस्वारांच्या एका संस्थेने आखला होता, ग्रेट डिव्हाइड रूट. स्टॅमस्टॅडने कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंतचे सुमारे ४,००० किलोमीटर १८ दिवस ५ तासांत पार केले. शर्यत नव्हती, क्रू नव्हता, फेऱ्या मोजणारंही कुणी नव्हतं.

यातूनच पुढे "टूर डिव्हाइड" आली. २००८ पासून कॅनडातल्या बॅन्फहून निघून न्यू मेक्सिकोतल्या अँटेलोप वेल्सपर्यंत, सुमारे ४,४०० किलोमीटर. दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होते. एंट्री फी नाही, बक्षीसही नाही. नियम मुख्यतः एकच: सगळं स्वतःचं स्वतः करायचं. वाटेतलं दुकान चालतं, मोटेल चालतं, कारण ते सगळ्यांसाठी खुलं आहे. मित्राने खास तुमच्यासाठी आणलेलं सँडविच मात्र चालत नाही.

आता गंमत ऐका. सुरुवातीच्या वर्षांत रायडर कुठे पोचलाय हे जगाला कसं कळायचं? तर तो वाटेतल्या गावात पेफोन शोधायचा, एका नंबरवर निरोप ठेवायचा, आणि तो निरोप एमटीबीकास्ट नावाच्या पॉडकास्टवर लोक ऐकायचे. हो, पॉडकास्टवर! मग सॅटेलाइट ट्रॅकर आले. आता प्रत्येक रायडर नकाशावरचा एक ठिपका असतो आणि घरबसल्या ठिपके बघणाऱ्यांना "डॉटवॉचर" असं नावही पडलंय.

पण ठिपका बघत बसलेलं कुणी मदतीला धावून येऊ शकत नाही. २०१० मध्ये कोलोरॅडोत याच शर्यतीत पिकअप ट्रकशी टक्कर होऊन एका स्पर्धकाचा जीव गेला. २०१६ मध्ये ब्रिटनच्या माइक हॉलने टूर डिव्हाइड १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत संपवून विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका सोलो शर्यतीत कॅनबेराजवळ गाडीच्या धडकेने तो गेला. म्हणून या शर्यतींबद्दल बोलताना मला नुसतं "भारी!" म्हणून मोकळं होता येत नाही.

आणि मूळ वाद? तोही मिटलेला नाही. अलास्काच्या लेल विलकॉक्सने २०१५ मध्ये टूर डिव्हाइड १७ दिवस १ तास ५१ मिनिटांत पूर्ण केली. तेव्हा श्वासाच्या त्रासामुळे तिला मध्येच हॉस्पिटलमध्ये जावं लागलं होतं. त्याच उन्हाळ्यात तिने तोच मार्ग पुन्हा एकटीने चालवला आणि वेळ १५ दिवस १० तास ५९ मिनिटांवर आणली. २०१९ मध्ये ती परत आली, पण या वेळी वाटेत तिच्यावर फिल्म करणारी टीम होती आणि त्यात तिची जोडीदार होती. लगेच चर्चा पेटली. आपलं माणूस नुसतं दिसणं, हीसुद्धा मदत नाही का?

माझं मत सांगतो. ट्रॅकर तुम्ही कुठे आहात ते सांगतो, तिथे कसे पोचलात ते सांगत नाही. सँडविच कुणी दिलं, धीर कुणी दिला, हे कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे आम्ही सगळं मोजतो, कारण कुणाच्या शब्दावर सिस्टीम चालत नाही. इथे मात्र सगळं मोजून झाल्यावरही शेवटी शब्दच उरतो. १९९९ मध्ये स्टॅमस्टॅडच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला आणि आज ठिपका दिसत असूनही तेच करावं लागतं. लेलच्या बाबतीत मला कॅमेऱ्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं, की नियमाची रेष कुठे आहे ते निघण्याआधीच सगळ्यांना एकसारखं माहीत असावं. तसं असेल तरच दोन वर्षांतल्या दोन वेळांची तुलना करण्यात अर्थ आहे.

तुम्हाला काय वाटतं? जोडीदाराला वाटेत भेटून पुढे गेलेला माणूस सोलोच ना? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी फोनवर तो नकाशा उघडून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!