‘शॉर्ट सर्किट’च्या आधी काय घडतं?

६ नोव्हेंबर २०२१. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पहिल्या बातम्यांत संशय शॉर्ट सर्किटचा. त्या आगीवर मी इथे निष्कर्ष काढत नाहीये. पण संशोधनाला निघालेल्या मित्रांनो, हा शब्द दिसला की तिथेच थांबू नका. शॉर्ट सर्किट हा शेवटचा क्षण असतो. त्याआधी वर्षानुवर्षं ओव्हरलोडने वायरचं आवरण भाजून निघालेलं असू शकतं.

आता घरांकडे या. श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सत्तरच्या दशकापासून २०११पर्यंत वीज पुरवली, पुढे महावितरणने. जुन्या घरांचं वायरिंग दोन-चार दिवे नि पंख्याच्या हिशेबाचं. आज त्याच वायरवर फ्रिज, मिक्सर, हीटर! २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर ओढतो, आणि आपण तो ५ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. मग फ्यूज उडतो, आणि कुणीतरी जाड तांब्याची तार घालतं. दिवे येतात खरे, पण आता वितळायची पाळी भिंतीतल्या वायरची.

म्हणून हीटरला स्वतंत्र लाइन घ्या. एमसीबी वायरच्या जाडीनुसार निवडा, उपकरण बघून नाही. आणि जुनी वीजबिलं सापडली तर त्यावरचा ‘मंजूर भार’ आजच्या उपकरणांशी ताडून बघा. असा दस्तऐवज घरबसल्या मिळत नाही.