असईची रणभूमि आणि संगणकावरील युद्धखेळ

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांचा विचार इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत यावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तरुण पिढीपैकीं पुष्कळांस जुन्या लढायांचा पहिला परिचय आतां बखरींतून किंवा शाळेच्या पुस्तकांतून न होतां अशा खेळांतून होतो. आणि खेळांत पाहिलेली भूमि एकदां डोळ्यांत भरली म्हणजे पुढें अस्सल कागद वाचतांनाहि तीच दिसत राहते. तेव्हां ती भूमि कितपत खरी, हें तपासणें संशोधकाच्या कक्षेबाहेरचें नाहीं. प्रस्तुत लेखांत हा विचार मुख्यतः असईच्या लढाईपुरता केला आहे.

असईची निवड करण्याचें कारण उघड आहे. या खेळांतील फार मोठा वर्ग नेपोलियनच्या काळाचा असतो, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांशीं लढलेला आर्थर वेलस्ली हाच पुढें १८१५ त वॉटर्लू येथें नेपोलियनसमोर उभा राहिला. २००९ सालच्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या खेळांत मराठ्यांचें राज्य हातीं घेऊन दख्खनांत लढतां येतें. पण तेथील बहुतेक रणभूमि अमुक गांवच्या शिवाराची नसून त्या मुलखाच्या सर्वसाधारण रूपावरून रचलेली असते. २०१५ च्या ‘स्कर्ज ऑफ वॉर: वॉटर्लू’ यासारख्या खेळांत मात्र प्रत्यक्ष रणक्षेत्राची नक्कल करण्याचा प्रामाणिक यत्न आहे. तेथें रचनाकारांपुढें जी अडचण उभी राहते ती आपणांसहि उपयोगी आहे, म्हणून ती आधीं सांगतों.

वॉटर्लूची आजची भूमि ही १८१५ ची भूमि नव्हे. नेदरलंडच्या राजानें तेथें सिंहाचा स्तूप उभारविला. तो १८२६ त पुरा झाला, आणि त्याची माती ज्या धारेवर वेलिंग्टनची फौज उभी होती तिच्याच कांठाची खणून नेलेली. म्हणजे स्मारकानेंच रणभूमि खाल्ली. ती पूर्ववत् कल्पितां येते ती विल्यम सायबोर्न नांवाच्या इंग्रज अंमलदाराच्या श्रमामुळें. १८३० त तो त्या रानांतल्या शेतघरांत कित्येक महिने राहिला, मोजणी केली, आणि लढाईंतील हयात अंमलदारांस पत्रें पाठवून विचारिलें कीं, तुमची पलटण नेमकी कोठें उभी होती, आणि त्या शेतांत कोणतें पीक होतें. त्यावरून केलेली प्रतिकृति १८३८ त लोकांपुढें आली. तिच्यांतील प्रशियन फौजेच्या जागेविषयीं पुढें मोठा वाद झाला, तो असो. माझें लक्ष त्या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. शेतांत कोणतें पीक होतें, हें विचारण्याची बुद्धि होणें हीच रणभूमीच्या अभ्यासाची सुरुवात होय. असईविषयीं अशी पत्रें कोणीं कोणास पाठविलीं नाहींत.

आतां असईची भूमि पाहूं. आजच्या जालना जिल्ह्यांत केळणा आणि जुई या दोन नद्या कांहीं अंतर जवळजवळ समांतर वाहत जाऊन पूर्वेस एकमेकींस मिळतात. दोहोंच्या मधली जमीन पूर्वेकडे निमुळती होत जाते. मराठ्यांचा तळ केळणेच्या उत्तरतीरीं भोकरदनापासून असईपर्यंत पसरलेला होता. पश्चिमेकडे घोडदळ आणि पूर्वेकडे, असईच्या बाजूस, कवायती पायदळ व तोफखाना. हें पायदळ सुमारें दहा हजार, तोफा शंभरांहून अधिक. मुख्य हुकमत पोलमन या हनोवरी सरदाराची, आणि त्यांतच बेगम समरूचीहि पलटणें होतीं. समोरून केळणा ओलांडून येणारावर या तोफा सरळ लागू होत्या. वेलस्लीनें समोरून येण्याचें टाळिलें. दक्षिणतीरानें तो पूर्वेस गेला, इंग्रजी कागदांत पीपलगांव व वरूर अशीं लिहिलेलीं दोन गांवें जेथें नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर आहेत तेथें उतरला, आणि दोन नद्यांच्या चिमट्यांत शिरून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. (वरूर या नांवाविषयीं एक सूचना. इंग्रजांच्या कानास आपला ड पुष्कळदां र ऐकूं येई; त्याच मोहिमेंतील आडगांवचें त्यांनीं ‘अर्गाम’ केलें. नकाशांवरील ग्रामनामें वाचतांना हें ध्यानांत ठेवावें.)

या उताराची हकीकत वेलिंग्टननें पुढें अनेक वर्षांनीं स्वतःच सांगितली, आणि तेव्हांपासून प्रत्येक इंग्रज ग्रंथकार ती सांगत आला आहे. वाटाड्यांनीं उतार नाहीं म्हणून सांगितलें. पण दुर्बिणींतून दोन कांठांवर दोन गांवें इतकीं लगत दिसल्यावर त्यानें अनुमान केलें कीं, दळणवळणाची कांहीं सोय असल्यावांचून माणसें अशीं घरें बांधणार नाहींत. अनुमान बरोबर ठरलें. तें सामान्य होतें असें मी म्हणणार नाहीं. तोफांच्या माऱ्याखालीं, थोडक्या फौजेनिशीं, असा तर्क करून त्यावर सर्वस्व लावणें हें धैर्याचें काम होतें. परंतु नद्यांच्या कांठीं वाढलेल्या मराठी मनुष्यास तो तर्क नवा नाहीं. प्रश्न वाटाड्यांचा आहे. ते खोटें बोलले, कीं त्यांस ठाऊक नव्हतें, कीं त्यांस प्रश्नच वेगळा समजला? माझा कल तिसऱ्या पक्षाकडे आहे. आपल्याकडे नदी ओलांडण्याच्या जागेस एकच शब्द नाहीं. जेथें नाव चालते ती तर. जेथें मनुष्य पायीं उतरतो तो पायउतार. बैलगाडी जाईल असा उतार निराळा, आणि तोफेचा गाडा जाईल असा त्याहून निराळा. ज्या वाटाड्यास फौजेच्या तोफा मागें दिसत आहेत त्यानें ‘उतार नाहीं’ म्हटलें, तर तें त्याच्या परीनें खरेंहि असूं शकेल. (पायउतार हा शब्द आज वर्तमानपत्रांतून पदावरून जाणाऱ्या मंत्र्यांपुरता उरला आहे, त्याचा मूळ धंदा नदीकांठचा.)

येथेंच खेळांतील भूमीचा खरा दोष दृष्टीस पडतो, आणि तो टेकडीची उंची किंवा झाडांची जात चुकण्यापेक्षां फार मोठा आहे. या खेळांत शत्रु झांकला जातो, भूमि झांकली जात नाहीं. दृष्टीआड असलेली पलटण पडद्यावर दिसत नाहीं, ही योजना उत्तम आहे. परंतु नदी, तिचा उथळ भाग, पलीकडचा चढ, हें सर्व खेळणारास पहिल्या क्षणींच उघड असतें. उतार तर मुद्दाम फिकट रंगानें दाखविलेला असतो. असईची लढाई अशा पटावर मांडली तर पोलमनच्या बाजूनें खेळणारा पहिल्याच चालीस त्या उतारावर वीस तोफा नेऊन ठेवील आणि म्हणेल कीं, शिंद्यांच्या फौजेंत एवढी अक्कल नव्हती. उतार मोकळा सोडणें ही चूक नव्हतीच, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्ञात उतार मोकळा सोडणें आणि जो फौजेचा उतार म्हणून कोणाच्या गणतींत नव्हता तो मोकळा राहणें, या दोन चुका एक नव्हत. पटावर त्या एकच होतात, आणि त्या दिवशींच्या मराठी फौजेविषयीं एक अन्यायाचा निकाल मुलांच्या मनांत कायमचा बसतो.

शंभर-दोनशें वर्षांमागचे जर्मन लोक या बाबतींत अधिक सावध होते. राइसविट्झ नांवाच्या प्रशियन गृहस्थानें १८१२ त आपल्या राजास युद्धखेळाचें मेज करून दिलें, आणि त्याच्या मुलानें १८२४ त त्या खेळाचे नियम छापिले. खरी मोजणी केलेल्या नकाशावर तो खेळत, आणि दोन पक्षांच्या मध्यें एक पंच बसे. पक्षांस काय कळावें, काय न कळावें, हें तो ठरवी. असा पंच असता तर त्यानें वेलस्लीस सांगितलें असतें, ‘वाटाडे नाहीं म्हणतात’. आणि तेथेंच थांबला असता.

दुसरा दोष चौकटीचा. खेळाची रणभूमि चौकोनी असते आणि लढाई तिच्या आंत सुरू होते. असईचा निम्मा निकाल दक्षिणतीरावरील त्या वाटचालींत लागला, जी कोणत्याहि चौकटींत सहसा मावत नाहीं. उरलेला निम्मा भूमीच्या अरुंदपणानें लावला. पोलमननें आपली रांग काटकोनांत फिरवून उजवें टोंक केळणेवर आणि डावें असईवर टेकविलें. एवढी मोठी फौज शत्रूसमक्ष इतक्या सफाईनें फिरली याची शाबासकी इंग्रजांनींहि दिली आहे. पण त्या ठिकाणीं दोन नद्यांमधील अंतर सुमारें एक मैल. शिंदे-भोसल्यांच्या हजारों घोडेस्वारांस तेथें पसरण्यास जागाच नव्हती. नद्यांचीं टोकें चौकटींतून कापलीं, कीं ही अडचण नाहींशी होते आणि संख्येचें बळ आहे तसें मोजलें जातें. वेलस्लीकडील उजव्या बाजूची तुकडी भलतीकडे, थेट असईच्या तोफांवर गेली आणि तिच्या मागोमाग ७४ वी पलटण कापली गेली. इंग्रजांकडील मेले ४२८ आणि जखमी १,१३८ यांपैकीं मोठा वांटा त्या गांवाच्या तोंडाशीं पडला. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या.

तिसरी गोष्ट मातीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सांग्रामिक अधिकरणांत कोणत्या दळास कोणती भूमि, याचा विचार आहे. घोड्यांच्या भूमीचें लक्षण सांगतांना आचार्य लहान दगड, उडीनें ओलांडतां येतील असे खळगे यांबरोबर आणखी एक अट घालतात: जमिनीस भेगांचा दोष थोडा असावा. हत्तीच्या भूमींत तर चिखल आणि भेगा हीं दोन्ही वर्ज्य. हा ग्रंथ १९०९ त शामशास्त्र्यांनीं छापून प्रसिद्ध केला, तोंवर त्याची पोथी दृष्टीआड होती. पण भेगांची ती अट वाचतांना गोदाखोऱ्यांतील काळी जमीनच डोळ्यांपुढें येते. पाऊस लागला कीं त्याच शेतांत तोफेचें चाक रुततें, आणि उघडीप पडली कीं महिन्याभरांत घोड्याचा पाय अडकेल अशा भेगा पडतात. खेळांत एका शेतास एक गुण दिलेला असतो, तो लढाईभर बदलत नाहीं, आणि ऋतूप्रमाणें बदललाच तर तो बर्फापुरता. असईचा दिवस पावसाळ्याच्या अखेरीचा. पण १८०३-०४ हें दख्खनांत दुष्काळाचें साल. तेव्हां सप्टेंबर म्हणून नदी दुथडी भरलेली दाखविणें चूक, आणि दुष्काळ म्हणून ती कोरडी दाखविणेंहि चूक. तोफा बैलांनीं ओढून त्याच दुपारीं पार नेल्या, यावरून पाण्यापेक्षां दरडींचा त्रास अधिक असावा असें वाटतें. आजची नदी पाहून हें ठरवितां येणार नाहीं. जुईवर आतां दानापूर येथें धरण आहे.

भूमि स्थिर नसते, हें देवबाग येथें राहणारास वेगळें सांगावें लागत नाहीं. एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी, यांच्यामध्यें वाळूची ही चिंचोळी पट्टी. समुद्राकडून धूप होऊं नये म्हणून बंधारा घातलेला, आणि नदीच्या मुखाशीं असलेला वाळूचा उंचवटा २००४ च्या सुनामीनें वर आला असें लोक सांगतात. होडीवाला गतवर्षींच्या वाटेवर विसंबत नाहीं. असईच्या नदीकांठाविषयीं मात्र आपण दोनशें वर्षांमागच्या वाटेवर खुशाल विसंबतों, आणि तीहि एकाच पक्षानें आंखलेल्या. थॉर्न याच्या १८१८ च्या ग्रंथांतील नकाशे, ब्लॅकिस्टन या एंजिनिअराच्या आठवणी, ग्रँट डफ, पुढें १९०८ त बर्टन. हे सर्व उपयुक्त आहेत, आणि खेळ रचणारे यांवरच भिस्त ठेवतात. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. दुसरें कांहीं आपण त्यांच्यापुढें ठेविलेंच नाहीं.

ठेवण्याजोगें असेल तें आपल्याच रुमालांत असेल. पेशवे दफ्तरांतून सरदेसायांनीं १९३० ते १९३४ पर्यंत ४५ खंड काढिले, त्यांत राजकारण मुख्य; आणि तें त्या वेळीं योग्यच होतें. पण रणभूमीचा पुरावा राजकीय पत्रांत थोडा सांपडतो. तो हद्दमहजरांत सांपडतो, जेथें दोन गांवचे पाटील शिव ठरवितांना ओढा, बांध, निवडुंगाची वई यांचीं नांवें घेतात. थळझाड्यांत सांपडतो, जेथें शेताशेताचें पीक लिहिलेलें असतें. तरीच्या व जकातीच्या हिशेबांत सांपडतो, जेथें कोणत्या महिन्यांत कोणता उतार चालू होता हें आकड्यावरूनच कळतें. संग्राहक मंडळी हीं बाडें ‘गांवकी’ म्हणून बाजूस टाकितात, आणि शिक्क्याचें एखादें पत्र मिळविण्यासाठीं तींच मोबदल्यांत देऊन टाकितात. आमच्या मोडी वाचणारांची संख्या घटत असतां हा व्यवहार तोट्याचा आहे.

असई, भोकरदन, जाफराबाद या टापूंतील पाटील-कुलकर्ण्यांचीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं केळणा आणि जुई हीं दोन नांवें जेथें जेथें येतील ती प्रत्येक ओळ उतरून घ्यावी. १८०३ च्या मागचीं-पुढचीं दहा-दहा वर्षें धरिलीं तरी पुरे. नक्कल करतांना साल, महिना आणि उताराचें नांव हीं मात्र सोडूं नयेत. अक्षर लागत नसेल तर कागदाचें छायाचित्रच घ्यावें.