माहितीचे कालमूल्य

माहितीचे कालमूल्य म्हणजे एखादी माहिती कोणत्या वेळी हाती येते त्यानुसार तिच्या उपयुक्ततेत पडणारा फरक होय. जुनी झालेली माहिती खोटी ठरतेच असे नाही. तिच्या आधारे घ्यावयाच्या निर्णयाची वेळ मात्र निघून गेलेली असते.

ठाणे जिल्ह्यातील टिटवाळा रेल्वे स्थानकावर फलाट बदलल्याची उद्घोषणा गाडी सुटेपर्यंतच कामाची असते. हे उदाहरण किरकोळ खरे. पुराच्या बाबतीत हाच फरक जिवावर बेततो.

पूर व पूर्वसूचना

टिटवाळ्याजवळून वाहणारी काळू ही उल्हास नदीची उपनदी आहे. अतिवृष्टीत तिच्यावरील रुंदे येथील पूल पाण्याखाली जातो व पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. पाणी चढत असल्याची वार्ता पूल ओलांडण्यापूर्वी मिळाली तर माणूस घरी थांबतो. ओलांडल्यानंतर मिळाली तर परतीची वाट उरलेली नसते. सकाळी मोजलेली पाणीपातळी दुपारीही अचूक नोंद म्हणून टिकते, पण तिच्यावर विसंबून नदीत पाऊल टाकणे घातक ठरते. भारतीय हवामान विभाग दैनंदिन अंदाजाखेरीज पुढील ३ तासांसाठीचे तात्कालिक इशारे देतो, ते याच कारणाने. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली.

बाजारपेठ

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला होता. युद्ध संपल्याची बातमी येताच भाव कोसळले. ती आधी कळणाऱ्यास माल विकून मोकळे होता आले असते. सर्वांस कळल्यावर तिचा लाभ कोणासच उरला नाही. १ जुलै १८६५ रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा अनेक व्यापाऱ्यांचे दिवाळे निघाले. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

जुन्या नोंदींचे मूल्य

कालमूल्य सरसकट घटते असे मानणे योग्य नव्हे. २७ जुलै २००५ च्या सकाळी ८.३० पर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. आदल्या सायंकाळी रस्त्यात अडकलेल्यांना या आकड्याचा काहीच उपयोग नव्हता. पुढे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीला पुराची कारणे शोधताना अशाच नोंदींचा आधार घ्यावा लागला.