एक पान, एक थर : पर्यायी भूतकाळाची जबाबदारी

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच्या सान्निध्यात आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी सापडल्यामुळे राखेचे वय हा केवळ भूशास्त्राचा प्रश्न राहिला नाही. दख्खनमधील मानवी वस्ती किती प्राचीन, हा प्रश्न त्याच्याशी जोडला गेला. १९८९मध्ये हे वय सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. १९९५मध्ये निराळ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे हा आकडा आला. राखेच्या रासायनिक घडणीची तुलना करणाऱ्यांनी मात्र ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील ठरविली. एकाच थराला असे तीन भूतकाळ लाभले. मराठी विज्ञानकथेतील पर्यायी वास्तवाचा विचार करताना या थराची आठवण ठेवणे उपयुक्त आहे. कारण ‘अनेक भूतकाळ’ या शब्दप्रयोगात दोन भिन्न कल्पना एकत्र नांदतात आणि समीक्षेत त्यांची गल्लत सहज होते.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ते नाव घेतले होते. लेखकाच्या वैज्ञानिक प्रतिष्ठेने निकाल झुकू नये, ही दक्षता त्यामागे होती. पुरावा आणि अधिकार यांना वेगळे ठेवण्याची हीच वृत्ती पुढे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेच्या रचनेतही दिसते.

१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. कथेतील दुसऱ्या जगात ती निसटती जाते आणि मराठे विजयी होतात. अशा कल्पनेत पराभवाच्या जुन्या सलाला मलम लावण्याचा मोह मोठा असतो. नारळीकर तो आवरतात. त्यांचा नायक रणांगणावर जात नाही, ग्रंथालयात जातो. आणि परतताना विजयाचा जयघोष न आणता बखरीचे एक फाटलेले पान आणतो. त्या पानाची या जगातील बखरीशी तुलना झाल्यावरच त्याच्या अनुभवाची चर्चा सुरू होते. कल्पित जगालाही साक्ष द्यावी लागते, हा या कथेचा खरा आशय होय.

तथापि कथेची मर्यादाही येथेच आहे. पुंजभौतिकीतील अनिश्चितता आणि अनेक विश्वांचे तत्त्व यांचा आधार घेऊन राजेंद्र देशपांडे हे पात्र घटनेचा उलगडा करते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७मध्ये मांडलेल्या उपपत्तीत विश्वांच्या अशा शाखा कल्पिता येतात. परंतु एका शाखेतून दुसरीत पान नेण्याची वाट तीत नाही. ती वाट लेखकाने घेतलेली मुभा आहे. शिवाय रसद, उपासमार आणि मैत्रीचे फसलेले राजकारण यांनी घडविलेला पराभव एका गोळीवर तोलला, की इतिहासाची कारणमीमांसा रोडावते. कथा म्हणून हे क्षम्य आहे. इतिहासदृष्टी म्हणून स्वीकारणे धोक्याचे आहे.

‘वामन परत न आला’ या कादंबरीत हीच जबाबदारी उलट्या दिशेने येते. जमिनीत खोलवर सापडलेल्या ठेव्यातून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती लागते; त्यातून विचार करणारा यंत्रमानव घडतो आणि स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करण्याची त्याची इच्छा संकट ठरते. उत्खननात मिळालेले ज्ञान वापरण्याची घाई आणि ते निर्माण करणारे का नष्ट झाले हे समजून घेण्याचा संयम, यांतील संघर्ष हा कादंबरीचा गाभा आहे. पुरावा अर्धाच वाचणे हाही अपराध ठरू शकतो.

बोरीच्या राखेविषयीचा वाद याच संयमाची कसोटी आहे. पाण्याने वाहून आलेल्या राखेत जुन्या खडकांचे कण मिसळले, तर वय फुगते. हत्यारे मूळ जागी आहेत की नदीने हलविलेली, यावर थराचा अर्थ बदलतो. येथे वाचने अनेक आहेत, घटना मात्र एकच आहे. गंगाधरपंतांच्या कथेत याउलट घटनाच दोन आहेत. इतिहास म्हणजे केवळ संहिता आणि म्हणून सर्व अन्वयार्थ समान, असे म्हणणारी समीक्षा या दोहोंतील भेद पुसून टाकते. कथेला दुसरे पानिपत रचण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. राखेचा अभ्यासक मात्र आपल्या प्रदेशाची प्राचीनता वाढते म्हणून मोठा आकडा निवडू शकत नाही. त्याच मोहाला दोन शतकांपूर्वीच्या पराभवाबाबत आवरते, म्हणूनच नारळीकरांची कथा विज्ञानकथा या नावाला पात्र ठरते.