लाईन क्लिअर ते बफर क्रेडिट

मंडळी, सोलापुरात रेल्वे आली 1860 साली. पुढे 1871 मध्ये हा मार्ग रायचूरला, मद्रासकडून आलेल्या रुळांना जाऊन मिळाला. दौंड-सोलापूर मार्गाचे बरेच टप्पे आपल्या आठवणीतही एकेरीच होते. पुढच्या स्टेशनमास्तरांनी 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय तिथे गाडी सुटत नसे. आपला आजचा विषय स्टोरेज नेटवर्कच्या स्विचवरचा क्रेडिटचा तुटवडा. त्याचं मूळ याच नियमात आहे.

भारतातल्या एकेरी मार्गांवर बॉल टोकनची यंत्रं दीर्घकाळ वापरात होती. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेनं जोडलेली. पलीकडची संमती असेल तरच चेंडू बाहेर पडायचा, आणि तो यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघायचा नाही. आधी परवानगी, मग गाडी.

1994 साली अमेरिकेत फायबर चॅनेलचं मानक मंजूर झालं, त्यात हाच विचार दिसतो. इथरनेटमध्ये गर्दी झाली तर डेटाची पाकिटं टाकून दिली जातात आणि पुन्हा पाठवली जातात. डिस्कच्या वाहतुकीला हे परवडत नाही. म्हणून घेणारा पोर्ट जोडणी होतानाच सांगतो, 'माझ्याकडे इतके बफर आहेत.' पाठवणाऱ्याला तितकी क्रेडिट्स मिळतात. एक फ्रेम गेली की एक क्रेडिट कमी होतं. तिकडचा बफर मोकळा झाला की 'तयार आहे' असा इशारा येतो आणि क्रेडिट परत मिळतं. शून्यावर आलं की थांबायचं. फरक इतकाच, की इथे एका वेळी अनेक गाड्या रुळावर असू शकतात.

मग तुटवडा का पडतो? कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, अंतर. प्रकाशाला काचेच्या तंतूतून एक किलोमीटर जायला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, आणि त्यात बदल होत नाही. वेग वाढला तसा फ्रेम पाठवायला लागणारा वेळ मात्र कमी झाला. पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी 2 गिगाबिटला किलोमीटरमागे 1 क्रेडिट पुरायचं, 8 गिगाबिटला 4 लागतात आणि 32 ला 16. समजा, सोलापूर-तुळजापूर अशी 45 किलोमीटरची तार आहे. 2 गिगाबिटला 45 क्रेडिट्स पुरतील, 32 गिगाबिटला 720 लागतील. फ्रेम लहान असतील तर आणखी जास्त. इथे क्रेडिट वाढवणं हाच उपाय.

दुसरं, संथ घेणारा. 1897 साली कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. आजच्या कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतला माल उतरवून छोट्या गाडीत भरावा लागे. हा माल हळू हलला, तर यार्डात आणखी रूळ टाकून काय होणार? उभ्या वाघिणी तेवढ्या वाढतील! नेटवर्कमध्ये एक संथ सर्व्हर क्रेडिट उशिरा परत करतो, मग दोन स्विचमधल्या सामायिक दुव्यावर खोळंबा होतो आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही अडकतात. म्हणून शून्य क्रेडिट दिसलेल्या पोर्टपासून वाहतुकीच्या दिशेनं पुढे पुढे जायचं. ज्या शेवटच्या पोर्टवर स्विच थांबलेला आहे आणि पलीकडे स्विच नसून यंत्र आहे, तिथे दोषी सापडतो.

तिसरं, हरवलेलं क्रेडिट. टोकनचा चेंडू हरवला की यंत्र बंद पडायचं आणि कागदी परवानगीवर गाड्या चालवाव्या लागायच्या. तसंच, मळलेल्या कनेक्टरमुळे 'तयार आहे' हा इशारा वाटेतच बिघडला, तर ते क्रेडिट गेलं ते गेलंच. दुवा रीसेट केला की मोजणी पूर्ववत होते, आणि पुढे मानकातही हरवलेली क्रेडिट्स ओळखण्याची सोय आली. पण त्रुटींचा आकडा वाढतच असेल, तर आधी कनेक्टर साफ करा, नाहीतर पुन्हा तेच.

हे सगळं सांगायचं कारण काय? रात्रीचं काम अडकलं तर सकाळी बँकेच्या काउंटरवर पेन्शनवाले ताटकळतात. अशा घाईत आपण शून्य दाखवणाऱ्या पोर्टलाच दोष देतो आणि नवा स्विच मागवतो. गाडी मोहोळला थांबली म्हणून मोहोळच्या मास्तरांना बोल लावण्यात अर्थ नसतो. त्यांनी नियम पाळलेला असतो. लाईन क्लिअर पुढून का आली नाही, हे आधी विचारायचं.