चार ओहमचा हट्ट

सोलापूरला पहिला मोठा आवाज दिला तो गिरणीच्या भोंग्याने. 1870 च्या दशकात इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे लोक तिला जुनी मिल म्हणू लागले आणि सगळं गाव भोंग्यावर उठू-जेवू लागलं. मग यंत्रमाग आले. पूर्व भागातल्या गल्लीत एका घरातली खटखट मागे पडते न पडते तोच दुसऱ्या घरातली सुरू व्हायची. अशा गावात गाणं ऐकायचं तर ते मागाच्या वर चढून ऐकू आलं पाहिजे. आज मी बोलणार आहे जुन्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरबद्दल आणि त्याला जोडलेल्या कमी ओहमच्या स्पीकरबद्दल. विषय खरा मिस्त्री लोकांचा. पण आमच्या घरात तो शिरला आणि बराच काळ मुक्काम करून राहिला.

अब्बा यंत्रमागावर कामाला होते. 1986 साली त्यांनी कुणाकडून तरी जुना ॲम्प्लिफायर घेतला. तो स्टीरिओचा जमाना होता. कोलकात्याची सोनोडाइन 1970 पासून होती, मुंबईच्या कॉस्मिकचं नाव घरोघरी झालं होतं आणि कॅसेट स्वस्त झाल्या होत्या. ज्यांना कंपनीचा माल परवडत नसे, त्यांना गल्लीतला मिस्त्री 2एन3055 नावाचे जाडजूड ट्रान्झिस्टर बसवून यंत्र जोडून द्यायचा. आमच्या यंत्राच्या पाठीवर लिहिलं होतं : 8 ते 16 ओहम. ते वाचायची गरज मला वाटली नाही. दहावी पास झालेल्या मुलाला कशाचीच गरज वाटत नाही.

ओहम हे एका जर्मन शिक्षकाचं नाव. गेऑर्ग ओहम यांनी विजेचा आपला नियम 1827 साली प्रसिद्ध केला. नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या सोलापूरकराला तो चटकन समजावा. मागचा दाब तोच असेल, तर तोटी जितकी जास्त उघडी तितकं पाणी जास्त. ओहम कमी म्हणजे तोटी जास्त उघडी. आज आपण वापरतो तशा, तारेच्या वेटोळ्यावर हलणाऱ्या स्पीकरची रचना अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी 1925 साली मांडली. तेव्हाची यंत्रं व्हॉल्व्हची. त्यांच्या आणि स्पीकरच्या मध्ये एक ट्रान्सफॉर्मर असे आणि त्याला 4, 8, 16 अशी वेगवेगळी टोकं काढलेली असत. ज्या ओहमचा स्पीकर, त्या टोकाला तार. सोयरीक आधीच जुळवून ठेवलेली. ट्रान्झिस्टर आले आणि बहुतेक यंत्रांतून हा मध्यस्थ गेला. स्पीकर थेट ट्रान्झिस्टरच्या गळ्यात पडला. गंमत बघा, व्हॉल्व्हच्या यंत्राला स्पीकर सुटून मोकळं राहणं सोसत नाही आणि ट्रान्झिस्टरच्या यंत्राला तारा एकमेकींना चिकटणं सोसत नाही.

आता हिशेब. यंत्र 16 व्होल्ट देत असेल, तर 8 ओहमच्या स्पीकरमधून 2 अँपिअर प्रवाह जातो आणि 32 वॉट मिळतात. तिथेच 4 ओहमचा लावला की 4 अँपिअर आणि 64 वॉट. कागदावर फुकटात दुप्पट! पण तो जादा प्रवाह ट्रान्झिस्टरमधूनच जायचा असतो आणि त्यांची उष्णताही जवळजवळ दुप्पट होते. मोटारीतले स्पीकर 4 ओहमचे असतात, कारण 12 व्होल्टच्या बॅटरीतून त्याशिवाय पुरेसा आवाज निघत नाही. तिथे ते शहाणपण आहे. 8 ते 16 ओहमसाठी बांधलेल्या घरातल्या यंत्राला ते पेलेलच असं नाही.

मी नेमकं तेच केलं. टेम्पोतून काढलेले दोन स्पीकर जुन्या बाजारातून आणले, ते मडक्यांच्या तोंडावर बसवले (चहाच्या हॉटेलांत तेव्हा हीच पद्धत होती) आणि आधीच्या 8 ओहमच्या खोक्यांच्याच तारांना समांतर जोडले. आठ आणि चार समांतर जोडले की बारा होत नाहीत. ते पावणेतीनच्याही आत येतात. अब्बा पाळीवरून आले. "थोडा बढाव रे," म्हणाले. मी बढवला. दोन गाणी झाली आणि तिसऱ्याला जळका वास आला.

पूर्व भागात एक पद्मशाली मिस्त्री होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी झाकण उघडलं, काळे पडलेले ट्रान्झिस्टर पाहिले आणि मला एकच गोष्ट विचारली : "एवढ्या मोठ्याने ऐकतंय कोण?" मग मीटर लावून दाखवलं. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 6 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा 3 ते साडेतीन. म्हणजे पाठीवरची चिठ्ठी फाटली तरी फसायला नको. तेही पुरतं खरं नाही, कारण सुरागणिक हा आकडा बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली तो जाऊ नये अशी अट आहे, म्हणून 8 चा स्पीकरही कुठेतरी 6.4 पर्यंत उतरू शकतो. अण्णांनी एका बाजूचं मडकं दुसऱ्या मडक्याशी एकसर जोडायला सांगितलं, चार आणि चार आठ. खोकी काढून टाकली. स्टीरिओ गेला, यंत्र वाचलं.

आणि ज्या दुपटीसाठी मी ते जाळलं, ती दुप्पट म्हणजे फक्त 3 डेसिबल. कानाला जेमतेम जाणवावी एवढी. आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॉट लागतात.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच उशिरा कळलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये साधारण 95 ते 105 डेसिबल गोंगाट असतो. त्याने कान आधी जातो तो 4000 हर्ट्झच्या आसपास, वरच्या पट्टीत. ढोलक ऐकू येतो, पण स, श, त, क निसटतात. माणसाला वाटतं, आवाजच कमी आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत पुढे हा बहिरेपणा नोंदवण्याजोगा रोग म्हणून आला. पण चार-सहा मागांच्या शेडला कारखाना म्हणायचं कुणी आणि नोंदवायचं कुणी? आमच्या गल्लीतले निम्मे बाप मोठ्याने बोलायचे. आम्हाला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

अण्णांनी ट्रेबलचं बटण पुढे करून दिलं. त्याने थोडा फरक पडला. अब्बा मडक्याजवळ बसून त्याच्या पोटावर हात ठेवायचे.

पुढे काही वर्षांनी आकाशवाणीवर माझी पहिली कविता लागली, तेव्हाही ते तसेच बसले होते. मी घरी आलो, तर म्हणाले, "आवाज तेराच था. बोला क्या, वो तेरी अम्मी को बता. वो मेरे को समझा देगी."